नववा आणि दहावा झोपाळा

इमारत चार मजल्यांची होती आणि तिचं उद्घाटन तीनदा ठरून तीनदा पुढे गेलं होतं. तिथे दवाखाना होणार होता. काम वेळेत चाललंय असं दर सोमवारच्या बैठकीत सगळे एकमेकांना सांगत, आणि तोंड दाबून हसायची सवय आता सगळ्यांना झाली होती.

तिसऱ्या मजल्यावरच्या लांबलचक पॅसेजमध्ये छताखाली पाण्याचे पाइप टांगायचं काम ज्या मुकादमाकडे होतं, त्याला सगळे पाणसळ म्हणत. पाणसळ म्हणजे सपाटी बघायची ती बुडबुड्याची पट्टी. ती कायम त्याच्या मागच्या खिशात असायची आणि दिसेल त्या वस्तूवर तो ती ठेवून बघायचा. कॅन्टीनच्या टेबलावर ठेवून तो म्हणाला होता, "डाव्या अंगाला पडलंय. तरीच चहा कपात कमी दिसतो." इंजिनियर साहेबांच्या टेबलावर ठेवून मात्र तो काहीच बोलला नव्हता, नुसता हसला होता. साहेबांना तेच जास्त लागलं.

त्याचं काम सांगायला अगदी सोपं. स्लॅबला दोन भोकं पाडायची, त्यांतून दोन लोखंडी रॉड खाली सोडायचे. रॉडच्या टोकांना आडवं चॅनेल अडकवायचं, म्हणजे वाकवलेल्या पत्र्याची, एका अंगाने उघडी अशी पट्टी. चॅनेलवर पाइप, पाइपला क्लॅम्प. हे सगळं दिसतं झोपाळ्यासारखं, म्हणून साइटवर त्याला झोपाळाच म्हणत. रॉडवरचे नट आवळले की झोपाळा झाला. मग खाली सीलिंगच्या टाइल लागतात आणि तो झोपाळा पुन्हा कोणाच्या दृष्टीला पडत नाही.

"आपलं काम चांगलं असेल तर कोणाला कळत नाही," पाणसळ म्हणायचा. "वाईट असेल तर डोक्यावर पडतं. तेव्हा मात्र लगेच नाव विचारतात."

नाव विचारायची वेळ येऊ नये म्हणून त्यानेच एक नियम काढला होता. नट पूर्ण आवळला, पाना 'कट्' असा वाजला, की मार्करने एक रेघ मारायची. रॉडवरून निघून नटावर उतरणारी, सलग. नट पुढेमागे फिरला तर रेघ तुटलेली दिसते. प्रत्येकाचा रंग वेगळा. पाणसळची रेघ पिवळी. त्याचा बावीस वर्षांपासूनचा जोडीदार भोंगा, ज्याचं कुजबुजणंही दोन मजले ऐकू जायचं, त्याची लाल.

"रेघ म्हणजे सही," पाणसळ नव्या माणसाला सांगायचा. "अंगठा समज पाहिजे तर. पण आवळल्याशिवाय मारलीस तर मी तुझा अंगठा आवळीन."

साहेबांना हा नियम भलताच आवडला. नट तपासायला शिडीवर चढावं लागतं, रेघ खालून दिसते. साहेबांनी या इमारतीत रेघांचे दोन हजार फोटो काढले होते आणि एकाही नटाला हात लावला नव्हता. फोटो टॅबवर चढले की टॅब हिरवी खूण दाखवायचा. इमारत त्या हिरव्या खुणांवर उभी आहे, अशी साहेबांची प्रामाणिक समजूत होती.

आधी काळ्या रेघेचा एक फिटर होता. पाच महिन्यांपूर्वी दुसऱ्या मजल्यावर पाणसळने त्याचे चार नट हाताने फिरवून बघितले आणि चारही फिरले. रेघा मात्र सरळ, देखण्या. पाणसळने सगळ्यांना बोलावलं, त्याच्या हातातला पाना काढून घेतला आणि म्हणाला, "तू चित्रकार हो. इथे फिटर लागतात." माणूस काही बोलायला गेला. पाणसळ म्हणाला, "कारण नको सांगूस. नट कारण ऐकत नाही." सगळे हसले. तो दुपारच्या आत निघून गेला. हे वाक्य पुढे साइटवर चांगलंच चाललं. भोंगा तर बायकोलाही ऐकवायचा.

पाणसळचीही बायको होती. रोज सकाळी साडेअकराला तिचा फोन यायचा. बोलायला काही विशेष नसायचं.

"अहो, डबा उघडलात का?"

"साडेअकराला कोण डबा उघडतं?"

"मग उघडलात की नीट बघा. कालचा तसाच परत आला."

"काल भूक नव्हती."

"भूक नव्हती की भोंग्याच्या डब्यातलं खाल्लंत?"

असा सात-आठ मिनिटांचा फोन. आता अडचण अशी की फोन यायचा तेव्हा पाणसळ शिडीवर असायचा. नट आवळायला दोन हात लागतात, एका हाताने वरचा नट धरायचा, दुसऱ्याने पाना फिरवायचा. फोन कानाला लावून हे जमत नाही. रेघ मारायला मात्र एक हात पुरतो. म्हणून त्याने वर्षानुवर्षं एक शिस्त ठेवली होती. साडेअकराच्या आधी दोन झोपाळे पुरते आवळायचे, पण त्यांच्या रेघा मारायच्या नाहीत, राखून ठेवायच्या. फोन आला की कानाला फोन, हातात मार्कर. ती बोलायची, हा रेघा मारायचा. दोघांचंही काम एकदमच आटपायचं. भोंगा म्हणायचा, "वहिनी बोलतात तोवर हा सह्या करतो. मोठ्या ऑफिसात असंच चालतं म्हणे."

ती दोन महिन्यांपूर्वी गेली. त्याआधी एकोणीस दिवस ती एका जुन्या दवाखान्यात पडून होती. तिथे तिला दुसरं काही बघायला नव्हतं, तेव्हा ती छत बघायची. तिच्या पलंगाच्या बरोबर वर सीलिंगच्या एका टाइलवर तपकिरी डाग होता, वर कुठेतरी पाइप खचून सांधा गळत असणार त्याचा. रोज तो बोटभर वाढायचा.

"अहो, वर बघा," ती म्हणाली होती. "तुमच्या भाऊबंदांपैकी कोणीतरी रेघ मारून गेलेलं दिसतंय."

पाणसळने मान वर केली, डाग बघितला आणि टोमणा परत करायच्याऐवजी उठून बाहेर गेला. त्याने नर्सला सांगितलं. नर्सने वहीत लिहिलं. डाग वाढत राहिला, तिचं छताकडे बघणं मात्र एकोणिसाव्या दिवशी थांबलं.

त्यानंतर आठव्या दिवशी तो कामावर आला. लेक म्हणाली, "बाबा, थोडे दिवस घरी थांबा ना."

"घरी बसून काय करू?"

"आराम करा."

"सगळ्या घराला पाणसळ लावून झाली," तो म्हणाला. "फक्त दिवाणखान्याचं कपाट तिरकं आहे. ते तुझ्या नवऱ्याने लावलंय."

सांत्वनाला येणाऱ्यांपासून सुटका हेही एक कारण होतंच. येणारा प्रत्येक जण सांगायचा की काळ हेच औषध आहे, आणि मग घड्याळाकडे बघून निघून जायचा. एका दूरच्या मावससासूने तर त्याचा हात हातात घेऊन विचारलं होतं, "आता तुमच्या जेवणाचं काय?" आणि त्याच हाताने पुढचं बिस्किट उचललं होतं.

कामावर बरं होतं. तिथे कोणी काही विचारत नव्हतं. पहिल्याच दिवशी साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, अतिशय गंभीर चेहरा केला आणि म्हणाले, "काका, वाईट झालं. तिसऱ्या मजल्याचा पॅसेज सहा दिवसांत होईल ना?"

झाला. शहाण्णव झोपाळे, सहा दिवस, दिवसाला सोळा. साहेबांनी फोटो काढले, टॅबने हिरव्या खुणा दिल्या.

त्यानंतर रंगवाले आले, वायरीवाले आले, पाइपांवर वेष्टण घालणारे आले आणि शेवटी सीलिंगवाला आला. सीलिंगवाला हा कोणत्याही साइटवर सगळ्यात उशिरा येणारा आणि सगळ्यांनी उशीर केला म्हणून ओरडणारा माणूस. त्याला लिफ्टच्या टोकाकडून पांढऱ्या टाइल चढवायच्या होत्या. संध्याकाळपर्यंत सगळा पॅसेज बंद करायचा, कारण दुसऱ्या दिवशी कोणीतरी मोठे पाहुणे बघायला येणार होते. मोठे पाहुणे छताकडे बघत नाहीत, पण छत नसलं की त्यांना ते लगेच दिसतं.

त्याच सकाळी नऊला खाली पंप पहिल्यांदा चालू केला. पाइपात पाणी धावलं. पाइप थरथरले, थोडे गुरगुरले. हे तसं ठरल्याप्रमाणेच होतं. साहेब टॅब घेऊन पॅसेजच्या मधोमध उभे होते. सीलिंगवाला शिडीच्या पायरीवर बसून चहा पीत होता, कारण पंपाच्या चाचणीपर्यंत त्याला थांबायला सांगितलं होतं आणि थांबायचं म्हटलं की तो चहा घ्यायचा.

वरून काहीतरी पडलं आणि थेट त्याच्या ग्लासात गेलं.

"आई गं!" तो उडी मारून उठला. विजार भिजली होती. "कोण आहे वर?"

वर कोणी नव्हतं. वर एका झोपाळ्याचं एक टोक रॉडवरून सुटून खाली आलं होतं आणि पाइप त्या बाजूने वाकून लोंबत होता. भोंग्याने ग्लासात दोन बोटं घातली आणि नट बाहेर काढला.

"पोळलं का रे?" पाणसळने सीलिंगवाल्याला विचारलं.

"पोळलं का म्हणजे? लग्न झालेलं आहे म्हणून वाचलो."

साहेबांनी खाली ओरडून पंप बंद करायला सांगितला आणि टॅबवर भराभर बोटं फिरवली. "फोटो आहे माझ्याकडे या झोपाळ्याचा. थांबा. हा बघा. रेघ एकदम बरोबर आहे."

"रेघ बरोबर आहे साहेब," भोंगा म्हणाला, "नटच फक्त चहात आहे."

"मग कोणाचं काम? तो काळ्या रेघेवाला होता ना, त्याचंच असणार. त्याच्या नावावर टाकतो. तो तसाही गेलाय."

काळ्या रेघेवाला हा पॅसेज सुरू व्हायच्या आधीच गेला होता आणि फोटोतली रेघही काळी नव्हती, हे साहेबांना आठवत नव्हतं किंवा आठवायला नको होतं. गेलेल्या माणसाच्या अंगावर कितीही नट टाकले तरी तो ओरडत नाही.

भोंगा काही बोलला नाही. म्हणजे काहीतरी बिघडलंच होतं. त्याने नट विजारीला पुसला आणि फक्त पाणसळला दिसेल असा तळहातावर धरला. नटावर अर्धी रेघ होती. पिवळी. उरलेली अर्धी वर रॉडवर होती.

"दे इकडे," भोंगा आपल्या मानाने हळू म्हणाला. "मी चढतो, आवळतो, पिवळी पुसून लाल ओढतो. दोन मिनिटांचं काम. झालं."

"तुझ्या नावावर?"

"माझं नाव काय, आधीच खराब आहे. आणखी एका नटाने काय फरक पडतो? तुझं तीस वर्षांत एकदा झालंय. एकदा माफ असतं."

"मी कोणाला केलं होतं माफ?"

भोंग्याने नट मुठीत धरला. मग शिडीवर चढला, झोपाळ्याचं टोक उचललं, नट घातला, आवळला. पाना 'कट्' वाजला. त्याने खिशातला लाल मार्कर काढला आणि पाणसळकडे बघितलं.

पाणसळने मान हलवली नाही आणि नकोही म्हणाला नाही. त्याला खरोखर सुचत नव्हतं. एक नट. पाइप खाली आला तो कोणाच्या डोक्यावर नाही, चहात. साहेब खूश होते, टॅब हिरवा होता, सीलिंगवाला विजार झटकत टाइल उचलायला लागला होता. संध्याकाळपर्यंत सगळं झाकलं गेलं असतं आणि पिवळ्या रेघेला तीस वर्षं जी किंमत होती ती तशीच राहिली असती. निदान त्या चौघांत तरी.

"काका, सरकता का जरा?" सीलिंगवाला म्हणाला. "तुमचा नट मिळाला ना?"

"थांब. पुढचा एक बघतो."

पाणसळने शिडी हातभर पुढे ओढली आणि पुढच्या झोपाळ्याखाली लावली. वर चढला. पिवळी रेघ रॉडवरून नटावर उतरली होती, सलग, सुरेख, साहेबांनी फोटो काढण्यासारखी. त्याने पाना काढलाच नाही. नटाला नुसती दोन बोटं लावली.

नट फिरला.

तो तसाच वर उभा राहिला. शिडीवरून त्याला सगळा पॅसेज दिसत होता, सगळे झोपाळे ओळीने, आणि त्यांच्याखाली जिच्यावरून रोग्यांचे पलंग ढकलत नेतील ती सगळी फरशी. पलंगावरचा माणूस उताणा असतो. त्याला दुसरं काही बघायला नसतं. या इमारतीत छत कोणी नीट बघणार असेल तर तेच.

तो खाली उतरला.

"साहेब, टाइल थांबवा. पॅसेज माझा आहे. सगळ्या रेघा माझ्या आहेत आणि त्यांतल्या किती खोट्या आहेत ते मला माहीत नाही."

साहेबांनी आधी टॅबकडे बघितलं, जणू त्यालाच विचारावं. "काका, असं कसं? हिरव्या आहेत."

"वर फिरतात त्या."

"पण उद्या पाहुणे..."

"पाहुण्यांना याच पॅसेजमधून न्यायचं असेल तर टोप्या घालायला सांगा."

"अहो, हे वरच्यांना कळवावं लागेल. फॉर्म भरावा लागेल. तुमचं नाव जाईल त्यात."

"जाऊ द्या. शुद्ध लिहा."

सीलिंगवाल्याने टाइल जमिनीवर ठेवली आणि हात जोडले. "मला वाटलंच होतं. मी आलो म्हणजे कोणाला ना कोणाला आपलं काम आठवतंच."

पाणसळने पाना काढला आणि भोंग्यापुढे धरला.

"हे काय?"

"खोटी रेघ मारली की पाना काढून घ्यायचा. नियम आहे."

"नियम तुझा आहे."

"म्हणून तर. सगळ्यांसमोर घ्यायचा असतो."

"सगळ्यांसमोर म्हणजे कोण? मी, साहेब आणि हा चहा सांडलेला?"

"जेवढे आहेत तेवढे."

भोंग्याने पाना घेतला. दोन हातांत दोन पाने घेऊन तो जरा वेळ वेड्यासारखा उभा राहिला. "आणि मी काय बोलायचं असतं? चित्रकार हो वगैरे?"

"ते राहू दे. शिडी मी धरतो. पहिल्यापासून घे."

मग काम सुरू झालं. भोंगा वर, पाणसळ खाली शिडीला दोन्ही हात लावून. तीस वर्षांत त्याने शिडी धरली नव्हती. शिडी धरणाऱ्याला वरच्याच्या बुटांचे तळवे सोडून काही दिसत नाही, आणि भोंग्याच्या तळव्यांत बघण्यासारखं काही नव्हतं. पाना 'कट्' वाजला की पाणसळ मनात मोजायचा. भोंगा पिवळ्या रेघेशेजारी लाल रेघ ओढायचा. पाणसळची आणखी एक सवय होती, प्रत्येक दिवसाच्या पहिल्या चॅनेलवर तो तारीख घालायचा. त्यामुळे कोणता झोपाळा कोणत्या दिवशीचा हे वरून वाचता येत होतं.

पहिल्या दिवशीचे आठ घट्ट. नववा, तोच चहात पडलेला. दहावा सैल. अकरावा घट्ट. बारावा, तेरावा, सोळाव्यापर्यंत घट्ट.

"सुटलो," भोंगा वरून म्हणाला. "पहिल्या दिवशी तू भानावर नव्हतास, एवढंच. दोन गेले. पुढचे ठीक असतील."

दुसरी तारीख आली. आठ घट्ट. नववा बोटांनी फिरला. दहावा फिरला. अकरावा घट्ट.

तिसऱ्या तारखेला भोंगा नवव्यावर थांबला आणि पाना न लावता नट बोटांनी फिरवून बघितला. मग खाली वाकून म्हणाला, "तुझं नवव्या-दहाव्याशी काही वाकडं आहे का रे?"

पाणसळने शिडीचा पाय बुटाने दाबून धरला.

"नाही, म्हणजे माणूस चुकतो तर कुठेही चुकतो. तू चुकतोस तेही सपाटीत. रोज एकाच जागी!"

"पुढे हो."

चौथ्या दिवशीही तेच. पाचव्या दिवशी आठवा घट्ट वाजल्यावर भोंग्याने शिडी पुढे ढकलायला सांगितली नाही. वरच उभा राहिला. दिवसाला सोळा झोपाळे म्हणजे आठवा होईपर्यंत सकाळचे किती वाजत असतील, हा हिशोब त्याला आता जमला होता. बावीस वर्षं तो शेजारच्या शिडीवर होता. फोनवरची पाणसळची बाजू त्याला पाठ होती.

"साडेअकराला कितवा असायचा रे?" त्याने विचारलं, आणि त्याचा आवाज दोन मजले सोडा, सीलिंगवाल्यापर्यंतही गेला नाही.

पाणसळ शिडी धरून उभा होता. त्याला आता ते सगळं दिसत होतं, आणि दिसलं नसतं तर बरं झालं असतं. फोन येणार नव्हता, म्हणून दोन झोपाळे आवळून राखून ठेवायचं कारण नव्हतं. तो आवळेल तसा लगेच रेघ मारत गेला होता, एक, दोन, आठ. आणि साडेअकराला त्याच्या हाताने पाना खिशात घातला होता, मार्कर काढला होता आणि पुढच्या दोघांवर रेघा ओढल्या होत्या. नट नुसते बोटांनी चढवलेल्या, न आवळलेल्यांवर. सात-आठ मिनिटं. मग पुन्हा पाना. सहाही दिवस. कानाशी काही नव्हतं तरी.

"नववा," तो म्हणाला.

भोंग्याने शिडीवरून नाक ओढलं आणि म्हणाला, "धूळ फार आहे वर. सरकव."

दुपारी चारपर्यंत शहाण्णव झाले. बारा खोटे निघाले, सहा दिवसांचे नववे आणि दहावे. बाकी सगळे असे घट्ट की भोंग्याचं मनगट दुखायला लागलं. पंप पुन्हा चालू केला. पाइप गुरगुरले आणि जागच्या जागी राहिले. साहेब दिवसभरात तीनदा येऊन 'किती राहिले' विचारून गेले होते. चौथ्यांदा टॅब घेऊन आले.

"काका, फॉर्म भरायचाय. संख्या बारा. दुरुस्ती झाली. आता कारण." त्यांनी टॅब पुढे धरला. "यातलं एक निवडायचं. साहित्यात दोष, हत्यारात दोष, मानवी चूक, इतर."

"यातलं मानवी कोणतं?"

"मानवी चूक निवडलं की वर चौकशी लागते. मी 'इतर' टाकतो. पण 'इतर' टाकलं की हा विचारतो, काय ते लिहा."

"मग लिहा, साडेअकरा वाजले होते."

साहेबांची बोटं थांबली. "म्हणजे?"

"म्हणजे साडेअकरा वाजले होते."

साहेबांनी भोंग्याकडे बघितलं. भोंगा मार्करचं टोपण शोधत होता, ते त्याच्या हातातच होतं. साहेब बिचारे तरुण होते. अजून कोणाच्या फोनची वाट बघण्याऐवजी तो उचलायचा कंटाळा यायचं त्यांचं वय होतं. त्यांनी विचार केला आणि साडेअकरा हे कारणाच्या रकान्यात न टाकता वेळेच्या रकान्यात टाकलं. टॅबने ते लगेच स्वीकारलं. हिरवी खूण आली.

"लावू का आता?" सीलिंगवाला पलीकडून ओरडला. "की आणखी कोणाला काही कबूल करायचंय?"

"लाव," पाणसळ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. त्यांनी फरशीचं कौतुक केलं.

वरच्यांनी पाणसळला एक कागद पाठवला, त्यात त्याला समज देण्यात आली होती. त्याने तो वाचला, घडी घातली आणि कॅन्टीनच्या टेबलाच्या डाव्या पायाखाली सरकवला. टेबल सपाटीत आलं. पाना भोंग्याने सकाळीच परत त्याच्या पेटीत टाकला होता, न बोलता. तोही त्याने न बोलता घेतला.

ते चौथ्या मजल्यावर काम करत होते. सातवा झोपाळा झाला, आठवा झाला. पाणसळने पाना खाली भोंग्याच्या हातात दिला, मार्करही दिला, रिकाम्या हातांनी शिडीवर बसला आणि विचारलं, "तुझ्याकडे त्या काळ्या रेघेवाल्याचा नंबर आहे का?"

"आहे. कशाला? माफी मागायला?"

"त्याला काहीतरी सांगायचं होतं त्या दिवशी. मी ऐकलं नाही. काय होतं ते विचारतो."

"आता पाच महिन्यांनी?"

"नंबर दे."

भोंग्याने आकडे सांगितले. अर्थातच ते चारही मजल्यांनी ऐकले. पाणसळने फोन कानाला लावला. बऱ्याच वेळाने उचलला.

"कोण?"

"मी. पाणसळ."

"पाना परत करायला केलात का फोन?"

"नाही. तू त्या दिवशी काहीतरी सांगत होतास. कारण."

"कारण?" तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "नट ऐकत नाही ना कारण?"

"नट नाही ऐकत. मी ऐकतो. सांग."

पलीकडे लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. "मी शिडीवर आहे," तो म्हणाला. "दोन्ही हात गुंतलेत, फोन खांद्यात धरलाय. काम अर्धवट टाकून कारणं सांगत बसू का? जेवणाच्या सुट्टीत करा." आणि फोन कट केला.

पाणसळने फोनकडे बघितलं.

"काय म्हणाला?" भोंग्याने खालून विचारलं.

"सुट्टीत कर म्हणाला. नट आवळतोय."

"मग करणार?"

"करीन. किती वाजता होते त्याची सुट्टी, ते विचारायचं राहिलं." त्याने हात खाली केला. "पाना दे. नववा राहिलाय."